अंगठाच पाहिजे

“ताई, तुम्ही जरा उभ्या राहता का?”

मॅडम अशाच बोलायच्या. आवाज कधी चढायचा नाही. मी उभी राहिले. भंडाऱ्याच्या एका सभागृहात आम्ही तीसेक जण बसलो होतो. समोरच्या पडद्यावर गावांची नावं, नावांपुढे घरांचे क्रमांक, क्रमांकांपुढे हिरवे आणि लाल चौकोन. आमच्या गावापुढे सगळे लाल.

“हे ताईंचं गाव,” मॅडम म्हणाल्या. “इथे अकरा घरांत लबाडी झाली. ताईंना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी सांगितलं नाही. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण गावातलेच लोक नेमले की हे असं होतं. आपलेपणा आड येतो.”

मागे कोणीतरी हसलं. मॅडम पुढच्या गावाकडे वळल्या. मला बसा म्हणायचं त्या विसरल्या. मी वाट पाहिली. दोन मुलांची आई, डी.एड. झालेली बाई, गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी उभी. तीन गावं झाली, चार झाली. शेवटी चहा आला आणि सगळेच उठले, म्हणून माझं उभं राहणं संपलं.

काम काय होतं ते आधी सांगते.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. गावोगावी मोबाइलचे टॉवर उभे राहत होते. मोठ्या शहरातली एक संस्था आमच्याकडे आली; मॅडम तिथल्याच. फोनवरून मुलं वाचायला शिकतात का, हे तिला तपासायचं होतं. निवडलेल्या घरात एक साधा, बटनांचा फोन द्यायचा आणि एक चित्रांची पुस्तिका. रोज संध्याकाळी साडेपाचला फोन वाजणार. उचलला की धडा सुरू. सातवं पान उघड. पहिल्या ओळीवर बोट ठेव. यात ‘तळं’ कुठे लिहिलं आहे? पहिला शब्द असेल तर एक दाब, दुसरा असेल तर दोन. कोणत्या घरातून कोणतं बटन कोणत्या क्षणी दाबलं, ते तिकडे शहरात आपोआप नोंदलं जायचं.

आमच्या भागाचे धडे मी लिहीत होते. आवाजही माझाच. शहरातून आलेल्या धड्यांत लिफ्ट होती, समुद्र होता. मी लिफ्ट काढून बैलबंडी घातली, समुद्र काढून गावाच्या खालची बोडी घातली, जिच्यात पोरं म्हशींसोबत डुंबतात. हे काम मला मनापासून आवडायचं. डी.एड. होऊन नऊ वर्षं झाली होती आणि शाळा मिळाली नव्हती. हीच माझी शाळा, असं मी धरून चालले होते.

धडे सुरू करण्याआधी घरोघरी जाऊन पाहणी करायची होती. ती मी उन्हाळ्यात केली. कागदावर एक प्रश्न होता: फोन दिला तर संध्याकाळी तो घरी असेल का? मी दारात उभी राहून विचारत गेले आणि लिहीत गेले. हो. हो. हो. घरातल्या बाईचं शिक्षण? निरक्षर. निरक्षर. निरक्षर.

चूक इथे झाली. आणि ती माझी.

अड्याळच्या बाजाराला जाणाऱ्या गावांतली कोणतीही पोर सांगेल की उन्हाळ्यात बाया संध्याकाळी घरी असतात आणि पावसाळ्यात नसतात. पावसाळ्यात धानाची रोवणी असते, चिखलात रोपं लावायची. बाया सकाळी जातात, अंधार पडता पडता येतात. रोवणीच्या दिवसांत फोनही बाईसोबत बांधीत, धानाच्या वाफ्यात, जातो, कारण उद्या कोणाच्या शेतात जायचं ते फोनवरच ठरतं. हे शहरातल्या बाईला माहीत नसतं, तर ठीक होतं. माझी आई जन्मभर रोवणीला गेली. तिच्या पायांच्या बोटांतल्या चिखल्यांना मी तेल लावलं आहे. आणि मी लिहिलं, हो.

आमच्या गावात ज्या अकरा घरांना फोन मिळाले, त्यांतल्या अकराही बाया एकाच टोळीत रोवणी करायच्या. टोळीची पुढारीण देवका. काळी, उंच, आवाजाची खणखणीत. रोवणीचं गाणं एक बाई म्हणते आणि ओळीने वाकलेल्या बाकीच्या ते उचलतात. आमच्या गावात पहिली ओळ देवकाच म्हणायची.

आखाडात धडे सुरू झाले आणि साडेपाचला बांधीच्या मधोमध अकरा फोन एकदम वाजले.

मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. श्रावणात एकदा मी मुद्दाम शेतावर गेले. बायांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधले होते. फोन वाजले तशा साऱ्या ताठ झाल्या, बांधीच्या कडेच्या धुऱ्याशेजारी पाण्यात हात खळबळले, पदराला पुसले. देवका धुऱ्यावर चढली. पुस्तिका तिच्याजवळ. एकीचीच, बाकीच्या घरी ठेवलेल्या, भिजू नयेत म्हणून. अकरा फोनांमधून माझाच आवाज बाहेर पडत होता. देवका पानावर बोट ठेवून उभी राहिली. मग गाण्याची ओळ द्यावी तसं तिने उत्तर दिलं, “दो-न!” आणि साऱ्या बांधीने ते उचललं, “दो-न!” अकरा बोटांनी दोन दाबलं.

धुऱ्यावर छत्री घेऊन बसलेला शेतमालक ओरडला, “काहून वो देवका, बालिस्टर होतं का आता?”

“झाली तं पयली केस तुमचीच घेईन पाटील,” देवका म्हणाली. “छत्रीत बसून मजूर भिजवल्याची.”

बाया हसून हसून चिखलात बसल्या. मीही हसले. खूप दिवसांनी तशी हसले होते.

मला वाटलं, देवका चित्र पाहून अंदाजाने सांगते. मी तिला विचारलं नाही. मॅडमना कळवलंही नाही. कळवलं असतं तर माझ्या कागदावरचं ‘हो’ खोटं ठरलं असतं. गप्प बसले.

पोळा झाला आणि मॅडम तपासणीला आल्या. शाळेच्या पटांगणात चटई टाकली. सोबत लॅपटॉप घेतलेला एक तरुण मुलगा होता. त्यांनी पहिली हाक मारली ती देवकाच्या पोरीला. नंदा, तिसरीतली. नोंदीप्रमाणे नंदाचे शेवटचे पंधरा धडे पूर्ण बरोबर होते. मॅडमनी पुस्तिका उघडून तिच्यापुढे ठेवली.

“वाच बाळा. घाबरू नकोस.”

नंदाने पानाकडे पाहिलं. मग आईकडे. तिला काही येईना. ती साडेपाचला घरी चूल पेटवायची, धाकट्याला सांभाळायची. तिने तो धडा कधी ऐकलाच नव्हता.

“मग बटनं कोण दाबत होतं?”

नंदा रडायला लागली. तेव्हा देवका पुढे आली. डोक्यावर पदर, नजर खाली. शेतातली देवका ती नव्हेच.

“मीनंच दाबलं,” ती म्हणाली.

“अहो, पण हे मुलांसाठी होतं ना?” मॅडम म्हणाल्या. अगदी प्रेमाने. “तुमच्याच मुलीचं नुकसान झालं की नाही?”

देवकाने मान हलवली. हो, झालं.

मॅडम त्या मुलाला इंग्रजीत म्हणाल्या, कोणाला तरी विचारून दाबत असणार, अकराही घरं काढून टाकावी लागतील. मला इंग्रजी समजतं हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

कोणाला विचारून? हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. चटईवर शिकलेली तीन माणसं बसली होती. जिला अक्षर येत नाही असं आमच्याच कागदावर लिहिलेलं होतं, तिने पंधरा दिवस एकही चूक न करता उत्तरं कशी दिली? आम्ही शिकण्यावर संशोधन करत होतो. आमच्यासमोर शिकलेली बाई उभी होती, आणि आम्ही तिच्या पोरीच्या नुकसानीबद्दल बोलत होतो.

त्यानंतर ती सभागृहातली सभा झाली. चहा पिता पिता मॅडम माझ्याजवळ आल्या. “मनाला लावून घेऊ नका,” म्हणाल्या. आठ दिवसांत अकरा फोन आणि पुस्तिका गोळा करायच्या होत्या. आणि प्रत्येक बाईकडून एका कागदावर लिहून घ्यायचं होतं. कागद छापून तयार होते:

मुलांच्या शिक्षणासाठी दिलेल्या फोनचा माझ्याकडून गैरवापर झाला. मुलाऐवजी मी उत्तरे दिली. ही माझी चूक आहे.

वर बाईचं नाव, गाव आणि शिक्षण मी माझ्या हाताने भरायचं. शिक्षणाच्या जागी मी उन्हाळ्यातलंच लिहिलं. खाली अंगठ्यासाठी चौकोन. शाईचा पॅडही दिला होता.

दहा घरं एका सकाळी झाली. बायांनी काय लिहिलं आहे ते विचारलं नाही. मीही वाचून दाखवलं नाही. अंगठा बुडवला, टेकवला, केसांना पुसला. माझी आईही शाई केसांनाच पुसायची.

अकरावं घर देवकाचं. ती अंगणात सूप घेऊन बसली होती.

“बसा ना बाई. उभ्या काहून?”

मी बसले. तिने घरातून फोन आणला. पुस्तिका आणली, तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. मी पॅड उघडला आणि कागद पुढे केला. तिने अंगठा पुढे केला नाही. कागद उचलला.

“वाचू का?”

तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, जसं मी धड्यात सांगायचे तसं. “मु-लां-च्या. मुलांच्या. शि... शिक्षणा-साठी.” माझ्याच आवाजाची लय होती ती. जिथे मी थांबायचे तिथे ती थांबत होती. मी पॅडचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. ती पुढे गेली. एका शब्दाशी अडली.

“गै-र-वा-प-र. हे काय असते वो बाई?”

जन्मात पहिल्यांदा पुस्तिकेबाहेरचा कागद वाचत होती ती. त्यात तिला न समजलेला पहिला शब्द हा. आणि अर्थ सांगायला मी.

“नाही वापरायचं तसं वापरलं,” मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला. मग शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. ही. माझी. चूक. आहे.

“बरोबरच हाये मंग,” ती म्हणाली. “पोरीच्या वाट्याचं मीनं खाल्लं. तिचं होतं ते. मी शिकून बसली, अन् पोरगी तशीच.”

“देवका, तसं नाही...”

“तवापासून बोलत नाई ती माह्याशी.” ती सुपातले खडे वेचत म्हणाली. “मले वाटे, रोवणी झाली की तिले शिकवीन. धड्याईचे दोन महिने तं राहिले होते म्हनलं. मले काय माहीत तुमी वापस नेसान.”

तेव्हा मी कागद फाडायला हवा होता. मी फाडला नाही. हे मी लपवणार नाही. माझ्या डोक्यात नोकरी होती, मुलांची शाळा होती, सभागृहात उभी राहिलेली मी होते. मी म्हणाले, “लिहून द्यावं लागेल. नाहीतर माझं काम जाईल.”

देवकाने लगेच कागद मांडीवर घेतला. “हे पयले सांगायचं ना. पेन द्या. अंगठा नाई देत मी. सही करतो.”

“सही येते?”

“धुऱ्यावर काडीनं काढून पायली ना मीनं. चिखलावर. मंग पानी सोडलं की मिटून जाये.”

तिने माझा पेन घेतला. मुठीत धरला, मग बोटांत धरला. जीभ दातांत. अंगठ्याच्या चौकोनात मावणार नाही एवढं मोठं नाव तिने काढलं. दे. व. का. तेवढ्या वेळात तिने पऱ्ह्याची, रोपांची, एक अख्खी पेंढी लावून संपवली असती. नाव पुरं झाल्यावर तिने कागद लांब धरून पाहिला, आणि एक क्षण तिच्या तोंडावर ते शेतातलं हसू आलं. मग नजर वरच्या ओळींवर गेली, कशाखाली सही केली ते तिला आठवलं, आणि हसू गेलं.

मी फोन, पुस्तिका आणि कागद पिशवीत टाकून निघाले. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या बसमध्ये मला आई आठवत राहिली. मी डी.एड. केलं, मुलांना कसं शिकवायचं यावर परीक्षा दिल्या, पास झाले. ती माझ्या फॉर्मवर अंगठा लावायची. तिला एक अक्षर शिकवावं असं मला कधी सुचलं नाही. तिने मागितलं नाही म्हणून नव्हे. ती रोवणीवाली बाई होती. मीही तिच्या नावापुढे मनातल्या मनात तेच ‘निरक्षर’ लिहून टाकलं होतं.

कार्यालयात मॅडम कागद चाळत होत्या. तो मुलगा लॅपटॉपवर काही भरत होता. अकराव्या कागदावर मॅडम थांबल्या.

“ही सही कोणी केली?”

“देवकाने.”

“पण वर निरक्षर लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय.”

“उन्हाळ्यात होती. आता तिला वाचता येतं. धड्यांमुळे.”

मॅडम चष्मा काढून हसल्या. “छान आहे. खरंच छान आहे. पण ताई, वर निरक्षर आणि खाली सही, असा कागद गेला तर आपल्या सगळ्याच नोंदींवर शंका येईल. तुम्ही असं करा, दुसरा कागद घ्या आणि अंगठा घेऊन या. पाच मिनिटांचं काम आहे.”

“तिला सही येते, मॅडम.”

“अहो, पण आपला अभ्यास मुलांचा आहे. ती त्यात बसत नाही. आपल्याला तिचा अंगठाच पाहिजे.”

पाच मिनिटांचं काम. मी पुन्हा त्या अंगणात जायचं. देवकाला सांगायचं, तुझं नाव चालत नाही. चोर म्हणूनसुद्धा चालत नाही.

मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि बसले.

“अंगठा मिळणार नाही,” मी म्हणाले.

“ताई, भावनेच्या भरात—”

“भावना नाही. लिहून घ्या.” त्या मुलाचे हात थांबले. “साडेपाचला फोन घरी नव्हते, शेतात होते. घरी असतील असं मी लिहिलं. मी रोवणीवालीची पोर आहे, मला माहीत होतं, तरी लिहिलं. ती चूक माझी. मी श्रावणात शेतात जाऊन पाहिलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तीही माझी. लबाडी कोणाची नाही. त्या नोंदी पुन्हा बघा. पहिले दोन आठवडे अकरा फोनांवर एकदम अकरा चुका. मग अर्ध्या. मग एकही नाही. एक बाई कशी शिकली ते त्यात दिवसाच्या दिवस लिहिलेलं आहे. अकरा वेळा लिहिलेलं आहे. आणि तुम्ही त्याला लाल रंग दिला.”

मी टेबलावरचे अकराही कागद उचलले.

“ते संस्थेचे आहेत,” मॅडम म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच चढला.

“नावं आमची आहेत,” मी म्हणाले, आणि निघाले.

काम गेलं. अहवाल निघाला, एका ओळखीच्याने दाखवला. आमचं गाव त्यात नव्हतं. दहा कागद मी ज्यांचे त्यांना परत दिले, वाचून दाखवून. दोघींनी मला शिव्या दिल्या. बरोबर दिल्या.

पुढच्या आखाडात मी माझ्या स्वतःच्या फोनवर धडे भरले, हाताने पुस्तिका काढली आणि देवकाकडे शेतावर गेले. ती ओळीत वाकलेली होती. ताठ झाली. फोन पाहिला.

“नको वो बाई.”

“हा माझा आहे. कोणी परत नेणार नाही.”

“मागच्याही टायमाले कोनी म्हनलं नव्हतं नेऊ म्हनून.” ती पुन्हा वाकली. हात चालू. “जिंदगीत एकच सही केली मीनं. तिच्यातच चोर झाली. आता रेशनवर अंगठाच देतो. बरं पडते.”

मग तिने गाण्याची ओळ दिली आणि बायांनी उचलली. मला जा म्हणून कोणी सांगितलं नाही. मी गेले.

आज मी जे धडे करते ते फोनवरच करते. आता फोनला पडदे आले, चित्रं हलतात. मी गावागावांतल्या बायांसोबत बसून धडे बनवते. रोवणीच्या दिवसांत बनवते, धुऱ्यावर बसून, आणि उत्तर ज्याने दिलं तो शिकणारा धरते, मग ती आई असो, आजी असो, शेळ्या राखणारी असो. दिलेलं परत आणत नाही. शहरातून लोक अजून येतात, चांगले असतात, हळू बोलतात. पाहणी करून द्या म्हणतात, उन्हाळ्यात. मी नाही म्हणते. पावसाळ्यात या म्हणते. फार थोडे येतात.

नंदाला मी शिकवलं. ती वाचते. देवका अजून नाही म्हणते. दर आखाडात मी जाते, दर आखाडात ती नाही म्हणते. पुढच्या आखाडातही जाईन.

तिचा कागद तिने घेतला नाही. तो माझ्याजवळ आहे. वर माझ्या अक्षरात ‘निरक्षर’, खाली तिच्या अक्षरात ‘देवका’. वरचा शब्द खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. तो खोडून मी सुटणार नाही. पुन्हा कोणाच्या नावापुढे तो माझ्या हातून लिहिला जाणार नाही. आणि कोणी माझ्या दारात शाईचा पॅड घेऊन आलाच, तर त्याला हा कागद दाखवीन, मोठ्याने वाचायला लावीन. आणि तो वाचून होईपर्यंत बसा म्हणणार नाही.